उघडा शब्द

"ताई, जरा ॲडजस्ट करा," असं म्हणत मुख्य संपादकांनी खिडकीच्या काचेवर टिचकी मारली. विकत घेण्याआधी माठ वाजवून बघावा, तशी.

खिडकीशी टेबल होतं आणि टेबलाशी चिठ्ठीताई होती. हुद्दा सहसंपादिकेचा, पण ऑफिसात तिला सगळे याच नावानं हाक मारायचे, कारण दिवसभर तिच्या हातात चिठ्ठ्याच असायच्या.

"कुठे?" तिनं विचारलं.

"बोळात. पाण्याच्या मशीनशेजारी. गारवा असतो तिथं."

"तिथं ट्यूबलाइट आहे."

"आहे ना! नवीच आहे."

"फडफडते."

"अहो, या वयात आपण सगळेच थोडे फडफडतो." साहेब स्वतःच हसले. "आमचा भाचा येतोय सोमवारपासून. कोश कॉम्प्युटरवर घ्यायचाय. तरुण मुलगा, त्याला मोकळी हवा लागते. शुक्रवारी तुमचा शब्द मिटला की शनिवारी टेबल हलवू. तुम्ही समजूतदार आहात, म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

समजूतदार! हा शब्द चिठ्ठीताईच्या चांगल्याच ओळखीचा होता. आपलं काहीतरी जाणार असलं की आधी तो दारात येऊन उभा राहायचा.

तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून ट्यूबच्या उजेडात अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागत. ही त्या ओळीत, ती या ओळीत. उन्हाच्या उजेडात मात्र शहाण्या लेकरांसारखी जागेवर बसत. खिडकी गेली म्हणजे अक्षर गेलं, आणि अक्षर गेलं की काम गेलं. 'तुम्हाला झेपत नाही ताई, आता अर्धा दिवसच या,' हे वाक्य बोळाच्या टोकाला तिची वाट बघत उभं होतं. अजून कुणी ते बोललं नव्हतं, पण तिला ते इथून दिसत होतं.

आणि गंमत अशी, की शुक्रवारी मिटायचा तो शब्दही 'ॲडजस्ट'च होता.

या ऑफिसात पाहुण्या शब्दांचा कोश तयार होत होता. म्हणजे इंग्रजीतून आपल्या बोलण्यात आलेले, ओट्यावर टेकलेले, मग हळूच माजघरात शिरून घरचेच झालेले शब्द. त्यांचा तिकडचा अर्थ काय, याच्याशी या कोशाला देणंघेणं नव्हतं. इथं आल्यावर त्यांनी काय काय केलं, कुणाच्या ताटात जेवले आणि कुणाच्या अंथरुणावर पसरले, ते लिहायचं.

कोश सुरू केला जुन्या संपादकांनी. ते आता नाहीत. त्यांनी घालून दिलेल्या रीती मात्र होत्या. पहिली रीत: जे वाक्य कुणी खरोखर बोललंय, तेच घ्यायचं. त्यासाठी कोऱ्या चिठ्ठ्या गावभर जात. दवाखान्यात, शाळेत, गिरणीत, बंगल्यांवर आणि चाळींतही. चिठ्ठीवर वाक्य, कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, आणि खाली सही. ती सही ज्याला म्हटलं त्याची. जुने संपादक म्हणायचे, दगड किती जड आहे ते फेकणाऱ्याला काय विचारता, ज्याला लागला त्याला विचारा.

दुसरी रीत: शब्द तयार झाला की शुक्रवारी सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचा. ज्याला हरकत असेल त्यानं तशी चिठ्ठी आणायची. नुसतं तोंड चालणार नाही. हरकत उरली नाही की शिक्का. मग शब्द मिटला.

आणि तिसरी रीत: जोवर शब्द उघडा आहे, तोवर त्याच्या चिठ्ठ्या ज्या टेबलावर मांडल्यात ते टेबल कुणी हलवायचं नाही. एकदा म्हणे कुणीतरी झाडण्यासाठी टेबल सरकवलं आणि दोन शब्दांच्या चिठ्ठ्या अशा मिसळल्या, की 'टेन्शन'च्या खाली 'पेन्शन'ची वाक्यं लागली आणि वर शिक्काही बसला. बरीच वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून चहावाल्या मावशीसुद्धा उघड्या टेबलाला वळसा घालून झाडू मारायच्या.

मुख्य संपादकांना या रीतींचा मोठा अभिमान. प्रस्तावनेत त्यांनी पानभर त्याच लिहिल्या होत्या. प्रस्तावना छापूनही झाली होती, कोश मागून यायचा होता.

*

घरी आई मशीनवर होती. पुढच्या खोलीत तिचं दुकान. नवे कपडे ती शिवत नसे, फक्त जुन्याचं सैल कर, घट्ट कर, लांब कर, आखूड कर. समोर एक गिऱ्हाईक स्वतःची पँट दोन्ही हातांनी धरून उभं होतं.

"मावशी, कमरेत थोडी सोडा."

"मागच्या खेपेला सोडली की."

"आणखी थोडी."

आईनं पँट उलटी केली, शिवण त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघा. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. तुमच्या पँटीची माया मागच्या वेळीच संपली. आता काय सोडू, दोरा?"

"काहीतरी ॲडजस्ट करा ना, मावशी."

"कापड नाही, भाऊ. श्वास आत घ्या आणि घरी जा."

गिऱ्हाईक गेलं, खरोखरच श्वास आत घेऊन. चिठ्ठीताई चप्पल काढता काढता हसली. मग हसू तिथंच उंबऱ्यावर राहिलं आणि ती एकटीच आत आली. आईनं ते पाहिलं.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"खिडकी मागतायत."

"कोण?"

"साहेब. भाच्याला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"'बघते' म्हणाले."

"बघते!" आईनं चाक हातानं थांबवलं. "तू लहानपणापासून बघतेच म्हणतेस. भावाला अभ्यासाला खोली हवी होती तेव्हा बघते म्हणालीस, आणि दहावीचा अभ्यास या मशीनखाली बसून केलास. माझे पाय वर चालायचे आणि तू खाली भूगोल म्हणायचीस."

"तूच सांगितलं होतंस, आई. 'ॲडजस्ट कर,' म्हणाली होतीस."

आईचा हात चाकावरच राहिला.

"म्हणाले होते," आई म्हणाली. "मला माझ्या सासूनं म्हटलं, ते मी तुझ्या पदरात टाकलं. आपल्याकडे दुसरं काय होतं द्यायला?" तिनं दोरा दातानं तोडला. "पण तेव्हा तुझ्यात माया होती बाई. किती वेळा सोडशील? आता शिवण उसवली तर आत कापड नाही, कातडी आहे."

ती पुन्हा पाय मारू लागली. पायांच्या तालावर ओळी जुळवायची तिला सवय होती. कुठून यायच्या कोण जाणे, पण कपड्यागणिक नवी ओळ.

सरक म्हणती सारी, सरकले मी बाई,
भिंत लागली पाठीला, आता मागं जागा नाही.

"ही कधी केलीस?"

"आत्ताच. तुझ्यासाठी. शिलाई घेणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीताईनं सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. वारा आला तर उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर नदीतला एकेक गोटा. आधी तिनं नेहमीसारखे अर्थ लावले. यंत्राचे अर्थ सोपे होते: आरसा ॲडजस्ट करणं, चष्मा, पंख्याचा वेग. ते एका कोपऱ्यात गेले. माणसांचे मात्र काही केल्या बसेनात.

सरकणं. आवरून बसणं. भागवणं. जमवून घेणं, निभावणं, चालवून घेणं, पडतं घेणं. आपल्या भाषेत या एका पाहुण्याची केवढी भावंडं निघाली! 'भागवणं'त निदान हात तरी चालतात. थोड्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईची हुशारी आहे त्यात. 'निभावणं'ला कणा आहे. 'सांभाळून घेणं'त तर कुशीची ऊब. पण चिठ्ठ्यांतल्या 'ॲडजस्ट'ला यातलं काहीच अंगाला येत नव्हतं. 'मन मारणं' जवळ यायचं, पण मन मारताना माणसाला निदान कळतं की काहीतरी मारलं. ॲडजस्टमध्ये रक्त दिसत नाही. गुळगुळीत, इस्त्री केलेला शब्द. म्हणून तर म्हणायला सोपा.

कंटाळून तिनं सगळे गठ्ठे मोडले आणि वेगळेच लावून पाहिले. अर्थाप्रमाणे नाही. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, त्याप्रमाणे.

सासू सुनेला. घरमालक भाडेकरूला. डॉक्टर नर्सला. कंडक्टर उभ्या प्रवाशाला. बाकावर तिघांना कोंबणारे मास्तर, मधल्या पोराला. नवरा बायकोला, नवरा बायकोला, नवरा बायकोला. या गठ्ठ्याला गोटा पुरेना, तिनं वर डबा ठेवला. थोरला धाकटीला. शेठ कामगाराला.

चिठ्ठीताईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाणी उतारावरून जातं तसं हे वाक्य जात होतं, वरून खाली. एक थेंब वर चढलेला नव्हता.

मावशी चहा घेऊन आल्या, टेबलाला वळसा घालून.

"मावशी, तुम्ही कधी कुणाला म्हटलंय, 'ॲडजस्ट करा'?"

"मी?" मावशींनी कप खाली ठेवला. "मला तर आमचं मांजरसुद्धा ॲडजस्ट करायला लावतं. उशीवर ते, पायथ्याशी मी."

"एखाद्या मोठ्या माणसाला? साहेबांना?"

"त्यांना मी 'साखर संपली' एवढंसुद्धा चाचरत सांगते."

पलीकडून मुद्रितं तपासणारे काका म्हणाले, "मी एकदा म्हणालो होतो. सासऱ्यांना."

"मग?"

"त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून म्हणालो." काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "त्यांची सही नाही मिळायची, ताई."

*

शुक्रवारी सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले. भाचाही आला होता, जागा बघून घ्यायला; हातात मोजपट्टी. तसा तो वाईट मुलगा नव्हता. नव्या खुर्चीचं प्लास्टिक अजून निघायचं असावं, तसा कोराकरकरीत होता एवढंच.

चिठ्ठीताई उभी राहिली. यंत्राचे अर्थ वाचले. माणसांचे वाचले. माना डोलल्या. साहेबांनी शिक्का शाईच्या डबीवर टेकवलासुद्धा.

"टीप," ती म्हणाली.

"टीपही आहे? वाचा, वाचा."

"माणसांच्या बाबतीत हा शब्द वरचा खालच्याला म्हणतो. उलट दिशेनं गेलेलं एकही वाक्य मिळालेलं नाही. उदाहरण: 'ताई, जरा ॲडजस्ट करा.' मुख्य संपादक, सहसंपादिकेला. खिडकीबाबत."

काकांना खोकला आला. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. मावशी दारातच ट्रे धरून उभ्या राहिल्या.

"हे काय?" साहेबांचा शिक्का हवेत राहिला.

"चिठ्ठी आहे. सहीही आहे. मला म्हटलं, म्हणून माझी."

"ताई, हा कोश आहे! तक्रारपेटी नव्हे."

"मीही तेच समजते, साहेब."

भाच्यानं हात वर केला, वर्गात करतात तसा. "पण सही ज्याला म्हटलं त्याचीच घेता. म्हणजे तक्रार असलेलेच लोक चिठ्ठ्या पाठवणार. नमुना एकतर्फी झाला ना?"

"चांगलं विचारलंत," चिठ्ठीताई त्याच्याकडे वळून म्हणाली, आणि ती चेष्टा करत नव्हती. "म्हणून बंगल्यांवरही चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. अधिकाऱ्यांकडे, शेठजींकडे, सासवांकडेही. 'तुम्हाला कुणी हा शब्द म्हटलाय का?' बऱ्याच कोऱ्या परत आल्या. एका सासूबाईंनी मागच्या बाजूला सामानाची यादी करून पाठवली."

कुणीतरी फिसकन हसलं.

"टीप काढा," साहेब म्हणाले. आवाज शांत, म्हणजे जास्तच चिडलेला. "शब्द मिटवू. विषय संपला."

"रीत आहे ना. हरकत असेल तर उलटी चिठ्ठी आणा. खालच्यानं वरच्याला म्हटल्याची, वरच्याच्या सहीची. एक पुरे. टीप मी स्वतः खोडते."

"त्यात काय! सहज मिळेल." साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. काकांनी पेन्सिलीचं टोक पाहिलं. मावशींनी कपातला चहा पाहिला. भाच्यानं मोजपट्टी हळूच गुंडाळली. "कुणीच कधी... अहो, रोज बोलतो आपण हा शब्द!"

"बोलता," चिठ्ठीताई म्हणाली.

बोळातली ट्यूबलाइट इथूनही दिसत होती, लुकलुकत. तिला वाटलं, आता 'बघते' म्हणावं आणि खाली बसावं. किती सोपं आहे, जिभेवरच आहे ते. पण पाठीमागं भिंत होती. खरोखरच होती, ती उभी होती तिथं. पाठ टेकली तेव्हा गार लागली.

"चिठ्ठी मिळत नसेल तर मी देते," ती म्हणाली. "साहेब, खिडकी मी सोडणार नाही. माझा डोळा त्या उजेडावर चालतो. भाचेसाहेबांच्या कॉम्प्युटरचा पडदा स्वतःच उजळतो, त्यांना बोळ चालेल. तुम्ही ॲडजस्ट करा."

बोळातल्या पाण्याच्या मशीनमधून एक थेंब सुटला. तो पडला, आणि दुसरा पडायच्या आत तिनं कोरी चिठ्ठी ओढून लिहायला सुरुवातही केली होती. वाक्य. सहसंपादिका, मुख्य संपादकांना. मग चिठ्ठी साहेबांपुढे सरकवली, आणि पेनाचं टोपण काढून पेन त्यावर आडवं ठेवलं.

"इथं सही करा. ज्याला म्हटलं त्याची लागते. तुम्ही सही केलीत, की टीप खोडली. मग उदाहरण म्हणून ही चिठ्ठी छापू."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. सही केली, तर कोशात छापून येणार, की त्यांना कुणीतरी हे म्हटलं आणि त्यांनी ते ऐकलं. नाही केली, तर टीप राहणार, खिडकीसकट. दोन्हीकडून त्यांचंच नाव. ते पेनाकडे बघत राहिले. पेनही त्यांच्याकडे बघत असल्यासारखं.

"मला विचार करायला हवा," शेवटी ते म्हणाले.

"करा ना, घाई नाही. शब्द उघडा ठेवते."

काकांनी 'उघडा' हा शब्द पकडला. सहज, अगदी हवापाण्यावर बोलावं तसे ते म्हणाले, "म्हणजे उद्या टेबल हलणार नाही."

"का नाही हलणार?" भाच्यानं विचारलं.

"रीत आहे," मावशी दारातून म्हणाल्या. चाचरल्या नाहीत. "साहेबांच्या प्रस्तावनेतच लिहिलीय. छापलीय. मीच आणली होती छापखान्यातून."

*

सोमवारी भाचा बोळात बसला. ट्यूबलाइटची त्याला अडचण झाली नाही. पाण्याच्या मशीनची झाली, कारण जो तो पाणी प्यायला येऊन त्याच्या पडद्यात डोकावून जाई. त्यानं तक्रार केली तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाळा, इथं मी रोज उभी राहून पाणी भरते, तू तर बसलायस." त्याला ते पटलं असावं. दुपारी त्यानं त्यांच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं.

चिठ्ठीताईच्या टेबलावर गठ्ठे तसेच होते, गोट्यांखाली. मधोमध ती एक चिठ्ठी, सहीशिवाय. ऊन आधी सासवांवर यायचं, मग घरमालकांवर, डॉक्टरांवर, आणि दुपारी बरोबर त्या चिठ्ठीवर येऊन थांबायचं. तिच्या शेजारी ती बाकीचे शब्द लावत बसायची. अक्षरं जागेवर असायची. काम भराभर व्हायचं, इतकं, की 'ॲडजस्ट'मुळे अडलेलं पहिलं अक्षर सोडून सगळा कोश छापायला तयार झाला.

छापखान्याची माणसं विचारायला येऊ लागली. साहेब रोज टेबलापाशी यायचे, चिठ्ठीकडे बघायचे, पुढे जायचे. ते आले की ती पेनाचं टोपण काढून ठेवायची, गेले की लावायची. एवढंच.

एका दुपारी ते थांबले. खुर्ची ओढून समोर बसले. खिडकीतलं ऊन त्यांच्या बाहीवर आलं, तेव्हा त्यांनी जरा चकित होऊन बाही पाहिली.

"छान उजेड आहे इथं," ते म्हणाले.

"आहे."

"ताई, कोश अडलाय. असं किती दिवस चालणार? यातून काहीतरी..." ते हसले, अगदी मनापासून, पहिल्यांदाच. "आपण काहीतरी ॲडजस्ट करू या."

चिठ्ठीताईनं एक कोरी चिठ्ठी घेतली. वाक्य लिहिलं, जसंच्या तसं, हसण्याच्या जागी जागा सोडून. मुख्य संपादक, सहसंपादिकेला. खाली स्वतःची सही केली. मग वरचा गोटा उचलला आणि चिठ्ठी जुन्याच गठ्ठ्यात ठेवली, 'वरून खाली' जाणाऱ्यांच्या.

"ही पण तिकडचीच, साहेब," ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण काढून पेन त्या सहीशिवायच्या चिठ्ठीवर, त्यांच्या बाजूला ठेवलं.